वॉर्डातल्या ग्लुकोमीटरची गुणवत्ता कशी तपासत राहायची?

प्रश्न एका इन्चार्ज सिस्टरांचा आहे. १०० खाटांचं रुग्णालय, आयसीयू, लेबर रूम आणि वॉर्ड मिळून १२ ग्लुकोमीटर. महिन्यातून एकदा कंट्रोल (ग्लुकोज किती आहे ते आधीच माहीत असलेला तपासणीचा द्रव) लावतात आणि तो डबीवर छापलेल्या रेंजमध्ये येतो. तरीही वॉर्डातलं एचजीटी (बोटाच्या थेंबावर मीटरने केलेली तपासणी) आणि लॅबचं बीएसएल (रक्तातली साखर) यांत ३०-४० मिग्रॅ प्रति डेसीलिटरचा फरक पडतो, आणि डॉक्टर म्हणतात मीटर बदला. नेमकं काय तपासायचं आणि किती वेळा?

मीटर बदलण्याआधी तो ३०-४० चा फरक कसा मोजला गेला, ते बघा. पुष्कळदा दोष मीटरपेक्षा तुलनेच्या पद्धतीत सापडतो.

सकाळचा क्रम आठवा. नाइट ड्यूटीची सिस्टर ६ वाजता एचजीटी करते आणि त्याच वेळी बीएसएलसाठी रक्त घेऊन ठेवते. बल्ब, म्हणजे रक्ताची नळी, ट्रेमध्ये राहतो. मावशी ९ च्या फेरीला लॅबमध्ये नेतात, सेंट्रिफ्यूज साडेनऊला होतं. या काळात बल्बमधल्या पेशी ग्लुकोज वापरतच असतात. खोलीच्या तापमानाला न वेगळ्या केलेल्या रक्तात ताशी ५ ते ७ टक्के ग्लुकोज कमी होतं. म्हणजे १५० असलेलं रक्त तीन तासांनी साधारण १२५ दाखवेल. पांढऱ्या पेशी खूप वाढलेल्या असतील तर घट आणखी वेगाने होते. फ्लोराइड बल्ब वापरला म्हणून प्रश्न मिटत नाही. फ्लोराइड ग्लुकोज मोडण्याच्या साखळीतली शेवटाकडची पायरी अडवतं. आधीच्या पायऱ्या चालू राहतात, त्यामुळे पूर्ण परिणाम दिसायला एक ते दोन तास जातात आणि तेवढ्या वेळातली घट होऊन जाते. अशा वेळी मीटरचा आकडा खरा आणि लॅबचा कमी, असंही असू शकतं.

दुसरा भाग रक्त कुठलं याचा. बोटाचं रक्त केशवाहिन्यांतलं, बल्बमधलं शिरेतलं. उपाशीपोटी दोघांत फारसा फरक नसतो. जेवणानंतर मात्र बोटातलं ग्लुकोज शिरेपेक्षा सहज २०-४० मिग्रॅने जास्त असतं, कारण शिरेत येईपर्यंत ऊतींनी त्यातलं काही उचललेलं असतं. म्हणून पीपीच्या, म्हणजे जेवणानंतरच्या, वेळची बोट-विरुद्ध-शीर तुलना मीटर तपासण्यासाठी वापरू नका. तिथे फरक दिसणं हेच बरोबर आहे. आणखी एक गोष्ट स्ट्रिपच्या माहितीपत्रकात वाचून घ्या: मीटर प्लाझ्माच्या मापात आकडा देतो की पूर्ण रक्ताच्या? आजचे बहुतेक मीटर प्लाझ्माचा आकडा देतात. एखादा जुना मीटर पूर्ण रक्ताचा देत असेल, तर तो लॅबपेक्षा सुमारे १० टक्के कमी दाखवेल आणि त्यात बिघाड काहीच नसेल.

तुलना अशी करा. ज्या रुग्णांचं उपाशीपोटी बीएसएल तसंही घ्यायचं आहे, त्यांच्यापैकी एकाची संमती घेऊन एक हिरव्या टोपणाचा हेपरिन बल्ब जास्त भरा. तो लगेच लॅबमध्ये न्या. बल्ब आठ-दहा वेळा हळूच उलटसुलट करा आणि त्याच रक्ताचा थेंब ओळीने सगळ्या मीटरना द्या, प्रत्येक मीटरवर दोनदा. ते झालं की लगेच, रक्त काढल्यापासून १५ मिनिटांच्या आत, तोच बल्ब सेंट्रिफ्यूज करा आणि प्लाझ्मा लॅबच्या ॲनालायझरवर लावा. एकाच बल्बवर बाराही मीटर तपासून होतात आणि रुग्णाला एकदाच टोचावं लागतं. दोन अटी आहेत. स्ट्रिपला शिरेचं आणि हेपरिनचं रक्त चालतं, असं माहितीपत्रकात लिहिलेलं असायला हवं. आणि फ्लोराइड बल्बमधलं रक्त मीटरला द्यायचं नाही, बहुतेक स्ट्रिपना ते चालत नाही.

नुसते १०० ते १४० मधले नमुने घेऊन उपयोग नाही, चुका टोकांना होतात. जास्तीचा नमुना मधुमेही रुग्णांकडून सहज मिळतो. कमीचा मिळत नाही, आणि आपल्याला काळजी त्याचीच असते. त्यासाठी हेपरिनचं रक्त काही तास तसंच ठेवून ग्लुकोज उतरू द्यायची रीत आहे. पण तोवर त्यातला ऑक्सिजनही उतरतो, आणि ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम असलेल्या स्ट्रिपवर ऑक्सिजन कमी असला की आकडा खोटा वाढतो. म्हणून मोजण्याआधी ते रक्त हवेशी हलकेच मिसळून घ्यावं लागतं. हे काम वॉर्डात करू नका, लॅबच्या टेक्निशियनकडे द्या. दर तीन महिन्यांनी किमान पाच नमुने, त्यांत एक ७० च्या खाली आणि एक ३०० च्या वर, एवढं १२ मीटरांच्या रुग्णालयाला झेपतं.

आता किती फरक चालेल? आयएसओ १५१९७ च्या २०१३ च्या आवृत्तीत १०० च्या खाली ±१५ मिग्रॅ आणि १०० किंवा वर ±१५ टक्के, आणि ९५ टक्के निकाल यात बसले पाहिजेत, असं आहे. पण ते मानक घरी स्वतः तपासणाऱ्यांच्या मीटरसाठी आहे. रुग्णालयासाठी अमेरिकेच्या सीएलएसआय संस्थेची २०१३ चीच मर्यादा जास्त योग्य: १०० च्या खाली ±१२ मिग्रॅ, त्यावर ±१२.५ टक्के, पुन्हा ९५ टक्के निकालांसाठी. हिशेब करून बघा. लॅब २४०, मीटर २६८. फरक २८ चा, म्हणजे ११.७ टक्के, चालतो. लॅब ६४, मीटर ७७. फरक फक्त १३ चा, पण मर्यादेबाहेर, आणि त्या १३ मुळे हायपोचा, म्हणजे ग्लुकोज फार उतरलेला, रुग्ण नॉर्मलमध्ये मोजला जातो. 'फरक ३० चा आला' एवढं वाक्य म्हणूनच अपुरं आहे. कुठल्या पातळीवर आला, ते शेजारी लिहिलेलं हवं.

अमुक मीटर १५ जास्त दाखवतो, मग वजा करून लिहा, असा तोंडी नियम तुमच्या वॉर्डात चालत असेल तर तो आजच बंद करा. तो फरक सगळ्या पातळ्यांवर सारखा नसतो, स्ट्रिपचा लॉट बदलला की बदलतो, आणि नव्या सिस्टरला तो माहीत नसतो.

कंट्रोलबद्दल. महिन्यातून एकदा लावलेला कंट्रोल त्या दिवशीच्या त्या एका स्ट्रिपबद्दल सांगतो, बाकीच्या २९ दिवसांबद्दल काहीच नाही. ज्या मीटरवर इन्सुलिनचा डोस ठरतो, तो दर २४ तासांत एकदा तरी तपासलेला असावा. आयसीयूत रोज लो आणि हाय, म्हणजे कमी आणि जास्त ग्लुकोजचे, दोन्ही कंट्रोल. इतर वॉर्डांत रोज एक पातळी, आलटून पालटून, याखाली जाऊ नये. निर्मात्याची सूचना याहून कडक असेल तर ती पाळायची. शिवाय नवी डबी उघडली, लॉट बदलला, मीटर पडला, बॅटरी बदलली किंवा रुग्णाच्या लक्षणांशी आकडा जुळत नसला, की दोन्ही पातळ्या लावायच्या. आणि कंट्रोल लावायचा तो रोज रुग्णांचं एचजीटी करणाऱ्या सिस्टर-ब्रदरनीच, नाइटलासुद्धा. बायोमेडिकलच्या माणसाने फेरी मारून बाराही मीटर तपासले तर यंत्र तपासलं जातं, वापरणारे हात तपासले जात नाहीत.

लावताना बाटली फ्रिजमधून काढून लगेच वापरू नका. ती खोलीच्या तापमानाला हवी. हलवा, पहिला थेंब टिश्यूवर टाकून द्या, तोंड पुसा, दुसरा थेंब टोपणाच्या स्वच्छ पाठीवर घ्या आणि स्ट्रिप त्याला टेकवा. मीटर कंट्रोल मोडमध्ये आहे ना, ते पाहा. नसेल तर काही मॉडेलमध्ये आकडा चुकतो आणि सगळ्यांतच तो रुग्णाच्या आकड्यांत जाऊन बसतो. बाटली उघडल्यापासून बहुधा ९० दिवसच चालते. उघडल्याची तारीख मार्करने बाटलीवरच घाला.

आता छापील रेंज. ती निर्मात्याच्या सगळ्या मीटरना आणि सगळ्या प्रयोगशाळांना सामावून घेणारी, रुंद असते. तिच्यात आकडा बसला म्हणजे तुमचा मीटर ठीक, असं होत नाही. प्रत्येक नव्या लॉटला सुरुवातीची २० रीडिंग घ्या, वेगवेगळ्या दिवशी आणि वेगवेगळ्या हातांनी, आणि सरासरी व प्रमाण विचलन, म्हणजे एसडी, काढा. समजा छापील रेंज ९६ ते १४४ आहे आणि तुमची सरासरी ११८, एसडी ४ आली. मग तुमची २ एसडीची रेषा ११० आणि १२६, ३ एसडीची १०६ आणि १३०. आलेखाच्या कागदावर या रेषा आखून तो मीटरच्या जागी भिंतीवर लावा आणि रोजचं रीडिंग टिंबाने मांडा. सोमवारी १२७, मंगळवारी १२८ आलं तर छापील रेंजप्रमाणे दोन्ही पास. तुमच्या आलेखावर मात्र सलग दोन टिंबं एकाच बाजूला २ एसडीच्या बाहेर आहेत. तिथे मीटर थांबवायचा, नवी डबी उघडून पुन्हा लावायचं. एकच टिंब ३ एसडीच्या बाहेर गेलं तरी थांबवायचं. सलग दहा टिंबं सरासरीच्या एकाच बाजूला पडली, तर ती रेषांच्या आत असली तरी काहीतरी सरकलंय. बहुधा लॉट, साठवण किंवा बाटली. टिकमार्कच्या रजिस्टरमध्ये हे कधीच दिसणार नाही, आणि आलेखाला रोज अर्धा मिनिट पुरतो.

असं सरकण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण डबीचं उघडं झाकण. स्ट्रिपवरचं एन्झाइम ओलाव्याने बिघडतं. डबीत ओलावा शोषणारा पदार्थ असतो, पण झाकण पक्कं बसलं तरच तो काम करतो. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात डबी राउंडभर उघडी राहिली, तर ५० स्ट्रिपांची डबी संपेपर्यंत शेवटच्या पंधरावीस स्ट्रिप संशयास्पद होतात. कमी पडल्या म्हणून शेजारच्या वॉर्डाने दहा स्ट्रिप कागदात गुंडाळून नेणं तर पूर्ण बंद हवं: लॉट नंबर गेला, एक्स्पायरी गेली, संरक्षण गेलं. बहुतेक स्ट्रिपना वरची मर्यादा ३० अंश सेल्सिअस असते. विदर्भातल्या उन्हाळ्यात बाहेर ४५ असताना एसी नसलेल्या स्टोअरमधला साठा तिच्यात राहत नाही. म्हणून एप्रिल-मे महिन्यांसाठी इंडेंट (स्टोअरकडची मागणी) लहान ठेवा आणि साठा एसी असलेल्या औषध-भांडारात ठेवायला सांगा. फ्रिजमध्ये ठेवणं हा उपाय नाही, बाहेर काढल्यावर डबीत दव धरतं. ॲम्ब्युलन्समधला मीटर सगळे विसरतात, तोही यादीत घ्या.

एवढं सगळं चोख केलं तरी कंट्रोल एका गोष्टीबद्दल गप्प राहतो: थेंब स्ट्रिपला लागण्याआधी काय झालं? मोठ्या चुका तिथेच होतात. त्यांतली सर्वांत धोकादायक म्हणजे डेक्स्ट्रोज चालू असलेल्या हातातून किंवा लाइनमधून घेतलेलं रक्त. ५ टक्के डेक्स्ट्रोज म्हणजे १०० मिलीत ५ ग्रॅम, म्हणजेच ५००० मिग्रॅ प्रति डेसीलिटर. १०० ग्लुकोज असलेल्या रक्तात त्याचा फक्त १ टक्का मिसळला तरी रीडिंग १४९ येतं. १० टक्के मिसळला तर ५९०. त्यावर इन्सुलिन दिलं गेलं, तर पुढे काय होतं ते सांगायला नको. अनपेक्षित मोठा आकडा आला, की इन्सुलिन देण्याआधी दुसऱ्या हाताच्या बोटावरून पुन्हा करायचं. हा नियम लेखी हवा आणि तो पाळला जातो का, हे मोजायलाही हवं. आर्टरी लाइनच्या (धमनीत घातलेल्या नळीच्या) फ्लशला तर डेक्स्ट्रोजची बाटली कधीच लावायची नाही.

फळ सोललेल्या, आंबा खाल्लेल्या, प्रसाद घेतलेल्या हाताचंही असंच आहे. बोटावर राहिलेली साखर थेंबात उतरते. स्पिरिटच्या एका बोळ्याने ती नीट जात नाही. साबण-पाण्याने धुवा, पूर्ण कोरडं करा. धुणं शक्य नसेल तर ओल्या गॉजने पुसा, कोरडं करा, पहिला थेंब पुसून दुसरा घ्या. स्पिरिट वापरलंच तर वाळू द्या. बोट पिळू नका, ऊतींतलं पाणी मिसळतं. टोचण्याआधी हात खाली सोडून बोटाच्या मुळापासून हलकेच चोळलं की रक्त येतं. टोचायचं ते बोटाच्या कडेला.

काही रुग्णांमध्ये सगळं बरोबर करूनही बोटाचा आकडा विश्वासाचा नसतो. शॉकमध्ये, रक्तदाब वाढवणारं नॉरॲड्रेनलिन चालू असताना, हातापायाला फार सूज असताना बोटातलं रक्त शरीराची स्थिती दाखवत नाही. तिथे धमनीचं किंवा शिरेचं रक्त ब्लड गॅस ॲनालायझरवर किंवा लॅबमध्ये लावा. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा टक्का, हा तर आपल्याकडे रोजचाच प्रश्न. तो कमी असला की बऱ्याच मीटरवर आकडा खोटा वाढतो, जास्त असला की खोटा उतरतो. हिमोग्लोबिन गुणिले तीन हा ढोबळ अंदाज धरा. हिमोग्लोबिन ६ असलेल्या बाळंतिणीचा हिमॅटोक्रिट १८ च्या आसपास. गडचिरोली, नंदुरबारकडच्या सिकलसेलच्या रुग्णांतही हे आकडे नवे नाहीत. तुमच्या स्ट्रिपला चालणारी हिमॅटोक्रिटची रेंज २० पासून किंवा ३० पासून सुरू होत असेल, तर त्या बाळंतिणीचं ८० ग्लुकोज हे कदाचित ८० नाही. नवजात बाळात उलट: हिमॅटोक्रिट ६० च्या घरात, आणि निर्णय ग्लुकोज ४५-५० च्या आसपास असताना घ्यायचा. नवजातांसाठी मान्य नसलेला मीटर एनआयसीयूत (नवजातांच्या अतिदक्षता विभागात) ठेवूच नका, आणि कमी आकडा आला की लॅबचा नमुना पाठवा. उपचार मात्र त्यासाठी थांबवायचे नाहीत.

औषधांतली दोन लक्षात ठेवा. शिरेतून मोठ्या डोसमध्ये व्हिटॅमिन सी चालू असेल तर अनेक मीटर आकडा फुगवतात. आणि पोटातून डायलिसिस करणाऱ्यांच्या आयकोडेक्स्ट्रिन द्रवातून शरीरात माल्टोज तयार होतं. जीडीएच-पीक्यूक्यू हे एन्झाइम असलेल्या स्ट्रिप त्यालाच ग्लुकोज समजतात. अमेरिकेच्या एफडीएने २००९ मध्ये याबद्दल इशारा दिला, तेव्हा १९९७ पासूनचे १३ मृत्यू त्यांच्या नोंदीत होते. तुमच्या स्ट्रिपवर कुठलं एन्झाइम आहे, ते आज माहितीपत्रकात बघून वॉर्डातल्या फलकावर लिहा.

आयसीयूत इतकी काटेकोरता का, याचं उत्तर जुन्या दोन अभ्यासांत आहे. २००१ मध्ये बेल्जियममधल्या ल्यूव्हेनच्या अभ्यासात इन्सुलिनने ग्लुकोज ८०-११० ठेवल्यावर मृत्यू घटले. तिथे धमनीचं रक्त ब्लड गॅस ॲनालायझरवर मोजत होते. २००९ च्या नाइस-शुगर अभ्यासात सुमारे ६,१०० रुग्ण होते आणि मोजमापाची साधनं जागोजागी वेगवेगळी होती. कडक नियंत्रणाच्या गटात मृत्यू २७.५ टक्के, दुसऱ्या गटात २४.९. तीव्र हायपो ६.८ टक्के विरुद्ध ०.५. फरकाचं कारण एकटं मोजमाप नव्हे, पण लक्ष्य जितकं अरुंद तितका मीटरचा दोष महागात पडतो. आज १४० ते १८० हे लक्ष्य ठेवतात, त्यात थोडा श्वास घ्यायला जागा आहे. इन्सुलिनचं इन्फ्युजन चालू असताना तीही फार नसते.

दर महिन्याला काय बघायचं? किती कंट्रोल लावायचे होते, किती लागले, किती बाहेर गेले आणि प्रत्येकाचं काय केलं. ७० च्या खालच्या आणि ४०० च्या वरच्या किती रीडिंगना पुन्हा तपासणी झाली आणि आरएमओना (निवासी डॉक्टरांना) किती मिनिटांत कळवलं. आकड्याऐवजी 'HI' किंवा 'LO' (मोजण्याच्या पलीकडे जास्त किंवा कमी) दाखवलेल्या किती वेळी लॅबला नमुना गेला. याखेरीज दोन साध्या युक्त्या फार सांगून जातात. पहिली, स्ट्रिपचा ताळा: वॉर्डाने ५०० स्ट्रिप उचलल्या, रजिस्टरमध्ये रुग्ण आणि कंट्रोल मिळून ४३० नोंदी आहेत, तर ७० स्ट्रिप कुठे गेल्या? वाया गेल्या असतील तर थेंब अपुरा पडतोय, म्हणजे शिकवायला हवं. नोंदच झाली नसेल तर ते जास्त गंभीर. दुसरी, रजिस्टरमधल्या २० नोंदी मीटरच्या मेमरीशी ताडून बघा. आकडा, वेळ आणि रुग्ण तिन्ही जुळायला हवेत. बऱ्याच मीटरमध्ये घड्याळच चुकीचं असतं, ते आधी लावून घ्या. रजिस्टरमध्ये ० आणि ५ ने संपणारे आकडे अपेक्षेपेक्षा फार जास्त दिसले, तर आठवणीवरून लिहिणं चालू आहे असं समजा. त्यावर ओरडू नका. एका सिस्टरकडे किती रुग्ण आहेत आणि मीटर किती लांब ठेवलाय, ते आधी बघा.

महिन्याला दहा एचजीटी शेजारी उभं राहून बघा: रुग्णाची ओळख यूएचआयडीने (रुग्णालयातल्या नोंदणी क्रमांकाने) पटवली का, हात, थेंब, झाकण, लॅन्सेट. लॅन्सेट एकदाच वापरायचं, आपोआप आत जाणारं. टोचण्याचं पेन एका रुग्णाचं दुसऱ्याला कधीही नाही. मीटर प्रत्येक रुग्णानंतर निर्मात्याने सांगितलेल्या जंतुनाशकाने पुसायचा, कारण हेपटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या रक्तात सात दिवस टिकतो. वापरणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा चाचणी आणि नोंद. जमलं तर बाहेरच्या ईक्यूएएसमध्ये, म्हणजे बाहेरून नमुने पाठवून गुणवत्ता तपासणाऱ्या योजनेत, भाग घ्या. मात्र तिथले नमुने ताजं रक्त नसतात, म्हणून तुमचा निकाल तोच मीटर वापरणाऱ्या गटाशी ताडायचा, लॅबच्या आकड्याशी नाही. हे सगळं लॅबच्या देखरेखीखाली असावं. बेडसाइड तपासणीच्या आयएसओ २२८७० मधल्या अटी आता आयएसओ १५१८९ या लॅबच्या मानकाच्या २०२२ च्या आवृत्तीत आल्या आहेत, तेव्हा मान्यतेसाठी तपासायला येणारे ॲसेसर लॅबप्रमुखांनाच विचारणार.

मीटर नापास झाला की तो कपाटात बंद करून दुसरा काढणं एवढ्यावर काम संपत नाही. शेवटचा चांगला कंट्रोल कधी लागला होता, ते बघा आणि तेव्हापासून त्या मीटरवर झालेल्या रुग्णांची यादी काढा. रोज कंट्रोल लावत असाल तर ती एका दिवसाची, दहा-पंधरा नावांची असेल. महिन्यातून एकदा लावत असाल तर कित्येक शे. त्या यादीत ज्यांना इन्सुलिन चालू आहे, त्यांचं ग्लुकोज दुसऱ्या मीटरवर लगेच करा, डॉक्टरांना सांगून डोस पुन्हा पाहायला लावा, आणि घरी गेलेल्यांपैकी ज्यांचा डोस त्या आकड्यांवर ठरला होता, त्यांना फोन करा.